साठ टक्क्यांची व्हिस्की आणि चमचाभर पाणी

भारतात बनणाऱ्या बहुतेक व्हिस्कींच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा आकडा असतो. ४२ नाही, ४३ नाही, नेमका ४२.८. स्कॉटलंडहून येणाऱ्या बाटल्यांवर ४० किंवा ४३ असतं, काही मोजक्यांवर ४६. पण विमानतळावरच्या दुकानात किंवा शहरातल्या एखाद्या बऱ्यापैकी वाइन शॉपमध्ये कधीतरी अशी बाटली समोर येते, जिच्यावर ५८ किंवा चक्क ६० टक्के लिहिलेलं असतं आणि शेजारी ‘कास्क स्ट्रेंग्थ’ हे दोन शब्द. हौसेने ती घरी येते. मित्र जमतात, नेहमीच्याच मापाने पेग भरले जातात. पहिल्या घोटाला एकाला ठसका लागतो, दुसरा ‘लई कडक आहे रे’ म्हणत घसा चोळतो आणि मग सगळ्यांच्या ग्लासात बर्फ आणि सोडा पडतो. बाटली संपते, पण तिच्यात काय होतं ते कुणालाच कळलेलं नसतं.

मला याची मनापासून हळहळ वाटते. बाकीच्या बाटल्यांमध्ये पाणी किती घालायचं ते कारखान्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. या एका प्रकारात तो निर्णय पिणाऱ्यावर सोडलेला असतो. साठ टक्क्यांपासून पंचेचाळीसपर्यंत हळूहळू खाली उतरताना एकच व्हिस्की तीन-चार निरनिराळी रूपं दाखवते. ती बघायला थोडा वेळ लागतो, थोडं पाणी लागतं, आणि हा जोर मुळात येतो कुठून हे ठाऊक असेल तर मजा आणखी वाढते.

आधी त्या आकड्यांविषयी. दारूवरचा कर तिच्यातल्या अल्कोहोलच्या प्रमाणात लावायचा, तर ते प्रमाण मोजायचं कसं, हा ब्रिटिश सरकारपुढचा जुना प्रश्न होता. बंदुकीच्या दारूवर स्पिरिट ओतून ठिणगी लावायची आणि दारू पेटली तर ते स्पिरिट ‘प्रूफ’ला उतरलं असं मानायचं, अशी एक गोष्ट सांगितली जाते. कायद्याने मात्र १८१६ मध्ये बार्थोलोम्यू साइक्स यांच्या पितळी हायड्रोमीटरला मान्यता दिली. त्याच्या हिशेबात ५१ अंश फॅरनहाइट तापमानाला ज्याचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या वजनाच्या १२/१३ भरतं, ते प्रूफ स्पिरिट. आजच्या मोजणीत हे ५७.१५ टक्के होतं. त्यातून चौथा हिस्सा वजा करा, ४२.८ उरतात. आपल्याकडच्या लेबलांवर दिसणाऱ्या ‘२५ यू.पी.’ या अक्षरांचा अर्थ हाच, प्रूफच्या २५ टक्के खाली. इंग्रज गेले तरी त्यांच्या अबकारी खात्याचं माप आपल्या बाटल्यांवर राहिलं. आता ५७.१५ मधून ३० टक्के वजा करून बघा, बरोबर ४० येतात. पहिल्या महायुद्धात कामगारांचं पिणं आटोक्यात ठेवण्यासाठी ब्रिटनमध्ये दारूची ताकद सक्तीने उतरवली गेली आणि ३० अंडर प्रूफ हे माप तिथून रूढ झालं. ४० काय आणि ४२.८ काय, हे आकडे करवसुलीतून आणि कायद्यातून आलेले आहेत. व्हिस्की कोणत्या ताकदीला सर्वांत चांगली लागते, हा विचार त्यांच्यामागे कधीच नव्हता.

त्याच जुन्या मापात १०५ प्रूफ म्हणजे ६० टक्के. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात ग्लेनफार्क्लास ही डिस्टिलरी १८६५ पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे. त्यांनी १९६८ मध्ये पिंपातल्या ताकदीची व्हिस्की बाटलीत भरली आणि तिचं नावच ‘१०५’ ठेवलं. ती आजही मिळते. पुढे १९७०च्या दशकात एडिनबरोच्या पिप हिल्स यांनी मित्रांबरोबर वर्गणी काढून याच ग्लेनफार्क्लासचं एक अख्खं पिंप विकत घेतलं आणि आपसात वाटून घेतलं. पाणी न घातलेली, गाळणीतून न काढलेली ती व्हिस्की मंडळींना इतकी आवडली की त्यातूनच १९८३ मध्ये स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटी उभी राहिली. सोसायटीच्या बाटलीवर डिस्टिलरीचं नाव छापत नाहीत, फक्त क्रमांक असतो, म्हणजे नावाच्या दबदब्याने चव ठरू नये. पहिला क्रमांक अर्थातच ग्लेनफार्क्लासचा.

आता पिंपाकडे वळू. मोड आणून वाळवलेला सातू, पाणी आणि यीस्ट, यांपलीकडे सिंगल मॉल्टचं स्पिरिट बनवायला काहीही लागत नाही. सगळं काम एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये होतं. दुसऱ्या उकळीनंतर मिळणारं पाण्यासारखं स्वच्छ स्पिरिट सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं. पिंपात भरण्याआधी बहुतेक डिस्टिलऱ्या ते पाण्याने ६३.५ पर्यंत आणतात. मग ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं, प्रत्यक्षात बहुधा दहा-बारा किंवा त्याहून जास्त. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं असता कामा नये, असा स्कॉटलंडचा कायदा आहे. लाकूड श्वास घेतं, त्यामुळे दरवर्षी साधारण दोन टक्के माल उडून जातो. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. हवा थंड आणि दमट असल्यामुळे पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं आणि ताकद वर्षागणिक थोडी थोडी उतरते. बारा वर्षांनी पिंप उघडलं की ५५ ते ६० च्या मधला काहीतरी आकडा निघतो. तो तसाच ठेवून बाटली भरली की ती कास्क स्ट्रेंग्थ. एकाच पिंपातली व्हिस्की असेल तर तिला सिंगल कास्क म्हणतात. ही गोष्ट निराळी आहे. कास्क स्ट्रेंग्थ बाटलीत अनेक पिंपांचं मिश्रण असू शकतं. अट एवढीच की नंतर पाणी घातलेलं नसावं.

हेच काम गोव्यात केलं की हिशेब पार बदलतो. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल मॉल्ट तयार होते. तिथे वर्षाला सुमारे आठ टक्के माल उडतो. दोन टक्क्यांनी बारा वर्षांत पाचवा हिस्सा कमी होतो. आठ टक्क्यांनी पाच वर्षांतच एक तृतीयांश जातो. मात्र उकाड्यात व्हिस्की प्रसरण पावून लाकडात खोल शिरते, तिथला रंग आणि वास वेगाने ओढून घेते. त्यामुळे आपल्याकडची पाच-सहा वर्षांची मॉल्ट तिकडच्या दुप्पट वयाच्या मॉल्टशेजारी ठेवली तरी कच्ची वाटत नाही. बंगळूरच्या अमृतला तर वर्षाला दहा-बारा टक्के गमवावे लागतात. त्यांनी आठ वर्षं मुरवलेली एक व्हिस्की २०१३ मध्ये काढली तेव्हा तिचं नाव ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असं ठेवलं. अमृतची सिंगल मॉल्ट बाजारात प्रथम आली ती २००४ मध्ये आणि तीही ग्लासगोत, स्कॉच पिणाऱ्यांच्या घरातच. भारतीय सातूची मॉल्ट तिथे खपवणं हे धाडस होतं. त्या वेळी आपल्याकडच्या बहुतेक ‘व्हिस्की’चा पाया उसाच्या मळीचं स्पिरिट हाच होता, हे लक्षात घेतलं की त्या धाडसाची किंमत कळते. अमृतची कास्क स्ट्रेंग्थ ६१.८ टक्क्यांची आहे. पॉल जॉनच्या सिलेक्ट कास्क मालिकेतली क्लासिक ५५.२ आणि धुराच्या वासाची पीटेड ५५.५.

आता मूळ अडचण, म्हणजे जळजळ. आपल्या तोंडात आणि घशात उष्णता ओळखणारे काही संवेदक असतात. साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप धाडतात. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच संवेदक जागे करतं, म्हणून ठेचा थंड असला तरी तोंड भाजतं. अल्कोहोल काय करतं, तर या संवेदकांचा उंबरठा ४२ वरून ३४ अंशांच्या आसपास आणून ठेवतं. शरीराचं तापमान ३७. म्हणजे आपल्याच तोंडाची ऊब आपल्याला भाजल्यासारखी जाणवू लागते. साठ टक्क्यांच्या घोटाने हे एकदम आणि जोरात होतं. त्या गदारोळात जिभेला गोड, कडू, खारट काहीच नीट ओळखता येत नाही, आणि नाकाची अवस्था त्याहून वाईट होते. त्यामुळे पहिल्या घोटाला ठसका लागला तर लाजण्यासारखं काही नाही. ते शरीराचं साधं काम आहे. आणि ठसका न लागू देता नीट रिचवणाऱ्याला चव जास्त कळते, हा समज तर सोडूनच द्यावा. डिस्टिलरीत रोज नमुने तपासणारे ब्लेंडर व्हिस्की साधारण वीस टक्क्यांपर्यंत पातळ करतात आणि मुख्यतः हुंगूनच निवाडा करतात.

तेव्हा सुरुवात नाकापासून करायची. ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. नेहमीचा जाड बुडाचा, रुंद तोंडाचा ग्लास बर्फासाठी बनवलेला आहे. त्यातून वास गोळा होण्याऐवजी पसरून जातो. ग्लेनकेर्न नावाचा खास व्हिस्कीचा ग्लास २००१ मध्ये स्कॉटलंडमध्ये निघाला, तो आता आपल्याकडेही मिळतो. नसेल तर लहान वाइन ग्लास उत्तम चालतो. ओतायची फक्त २० मिली. तीसचं माप इथे जास्त होतं आणि साठचं तर अजिबात नको.

ओतल्यावर दहा मिनिटं ग्लासाला हात लावू नका. उग्र वाफ तेवढ्यात निवते. आपल्या हवेत एक काळजी जास्त घ्यावी लागते. पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं लिहिलेलं असतं, पण ती खोली स्कॉटलंडमधली, १८-२० अंशांची. मे महिन्यात मुंबई-पुण्याची खोली ३२ अंशांची असते आणि तिथे साठ टक्क्यांच्या व्हिस्कीतून अल्कोहोलची वाफ इतकी निघते की नाक आत घालणं अशक्य होतं. बाटली किंवा ग्लास थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून वीस अंशांच्या आसपास आणावा. बर्फ मात्र नको. थंडीने वास मरतो, जीभ बधिर होते आणि बर्फ वितळत राहिल्यामुळे पाणी किती पडलं याचा हिशेबच उरत नाही.

मग ग्लास हनुवटीशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि सावकाश वर आणायचा. नाक काठाच्या आत घालायचं नाही. अल्कोहोल नाकाला टोचू लागलं की तिथेच थांबून अर्धा इंच मागे यायचं. पहिल्या खेपेला फक्त स्पिरिटच जाणवेल. बाजूला होऊन साधी हवा घ्या, स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, पुन्हा या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नाक अल्कोहोलला सरावतं आणि त्याच्यामागचं दिसायला लागतं.

मागे काय असतं, ते पिंपावर आणि सातू कसा वाळवला यावर ठरतं. स्कॉटलंडमधली बहुतेक पिंपं अमेरिकेतून येतात. बर्बन व्हिस्की दर वेळी नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी असा तिथला कायदा आहे, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं त्यांना बर्बनसाठी निरुपयोगी होतात आणि स्कॉटलंड ती स्वस्तात उचलतं. अमेरिकन ओकमधल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनतं आणि लॅक्टोन नावाच्या संयुगांतून ओल्या खोबऱ्याचा वास येतो. स्पेनमधल्या शेरीने भिजवलेल्या पिंपांतून मनुका, खजूर, अक्रोड, संत्र्याची साल, दालचिनी असे दाट वास येतात. अॅबरलाउर डिस्टिलरीची ‘अबूना’ ही साठ टक्क्यांच्या आसपासची कास्क स्ट्रेंग्थ पूर्णपणे ओलोरोसो शेरीच्या पिंपांत मुरते. हा प्रकार पहिल्यांदाच करणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करावी असं मी सुचवेन, कारण तिचा गोडवा जोराला सांभाळून घेतो. केळ्याचा, सफरचंदाचा, पेअरचा वास आला तर तो लाकडाचा नसतो. यीस्टने आंबवताना तयार केलेल्या एस्टरचा असतो. रंगावरून मात्र काहीच ठरवू नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याची परवानगी आहे.

आणि धूर. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आयला बेटावर झाडं कमी आणि पीट भरपूर. दलदलीत शेवाळं, गवत, झुडपं कुजून हजारो वर्षांत त्याचा थर साठतो, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. तो कापून, वाळवून जाळला की त्याच्या धुरातली फिनॉल गटातली संयुगं ओल्या सातूला चिकटतात. लाफ्रोइग ही १८१५ ची डिस्टिलरी आपल्या सातूचा थोडा भाग आजही स्वतःच्या फरशीवर पसरून, फावड्याने उलटून तयार करते. तिची दहा वर्षांची कास्क स्ट्रेंग्थ बॅचगणिक ५५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असते. तिचा वास पहिल्यांदा घेणारा बहुधा मागे सरकतो. आयोडीन, डांबर, दवाखान्यातल्या मलमपट्टीचा कोपरा, ओहोटीनंतर खडकांवर उघडं पडलेलं शेवाळ, विझत आलेल्या लाकडांचा धूर. हे सगळं एकदम अंगावर येतं. नावडली तरी ती नावड प्रामाणिक असते, आणि आवडली तर माणूस सहसा पुन्हा धुराशिवायच्या व्हिस्कीकडे पूर्ण परत जात नाही.

आता घोट, आणि तोही आधी पाण्याशिवाय. चहाच्या चमच्यात मावेल त्याहूनही कमी, अर्धा चमचा. लगेच गिळू नका. जिभेवर फिरवत ठेवा, लाळ सुटू द्या. लाळेनेच ती पातळ होते आणि आठ-दहा सेकंदांत जळजळ ओसरून मागून गोडवा येतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशामागून नाकात जाणारी ही वाट महत्त्वाची आहे. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग प्रत्यक्षात इथूनच कळतो. पहिला घोट तोंडाला तयार करण्यासाठी असतो, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट दोन-तीन मिनिटांनी घ्या. साठ टक्क्यांना व्हिस्कीला एक तेलकट दाटपणा असतो आणि तो जिभेवर रेंगाळतो. पाणी घातल्यावर वास उमलतो, पण हा दाटपणा थोडा कमी होतो. म्हणून आधी एकदा तशीच चाखून ठेवायची.

आता पाणी. स्कॉटलंडमध्ये पबमध्ये मॉल्ट मागवली की शेजारी पाण्याचा छोटा जग येतो. तिथे पाणी मागणाऱ्याला कुणी कच्चा समजत नाही. पाणी क्लोरीनचा वास नसलेलं हवं. शहरातलं नळाचं पाणी उकळून, उघडं ठेवून निववलेलं चालतं. सोडा नको, त्याचे बुडबुडे जिभेला आणखी टोचतात आणि तो आंबटही असतो. मोजण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी पाच मिलीची, सुई नसलेली सिरिंज सर्वांत सोयीची.

साठ टक्क्यांच्या २० मिलीत चार मिली पाणी घातलं की ताकद ५० वर येते. सहा मिली घातलं की ४६ वर, दहा घातलं की ४० वर. पाणी आणि अल्कोहोल मिसळलं की एकूण आकारमान किंचित आकसतं, त्यामुळे हे आकडे अगदी तंतोतंत नाहीत, पण घरच्या कामाला पुरेसे आहेत. दर टप्प्याला एकच मिली घालायचं, हलक्या हाताने ग्लास फिरवायचा, मिनिटभर थांबायचं, हुंगायचं, मग चाखायचं. पाणी घालताच ग्लासात तेलासारख्या रेषा वळवळताना दिसतात, त्याही बघण्यासारख्या असतात.

पाण्याने नेमकं होतं काय, याचा एक सुरेख अभ्यास स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायाकॉल यांच्या रेणूंचं वागणं तपासलं. ग्वायाकॉल हे धुराच्या वासाचं एक प्रमुख संयुग आहे. ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात ग्वायाकॉलचे रेणू मुख्यतः वरच्या पृष्ठभागाशी, हवेच्या सान्निध्यात राहतात. ताकद ५९ टक्क्यांच्या वर गेली की अल्कोहोलचे रेणू त्यांना वेढून आत ओढून घेतात. म्हणजे साठ टक्क्यांच्या ग्लासात धूर असतो, पण तो द्रवाच्या आत दडलेला असतो. पाणी घालत गेलं की तो वर येतो आणि नाकापर्यंत पोचतो. हा संगणकावरचा अभ्यास आहे आणि खऱ्या व्हिस्कीत शेकडो संयुगं असतात, त्यामुळे सगळ्याच वासांना तो लागू होतो असं म्हणता येणार नाही. पण लाफ्रोइगच्या ग्लासात पाच-सहा मिली पाणी पडल्यावर डांबराच्या मागून व्हॅनिला आणि पिकल्या फळाचा गोडवा पुढे येतो, हा अनुभव कुणालाही घेता येतो.

अती पाण्याचं काय, याचंही उत्तर आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात टॉम कॉलिन्स यांच्या गटाने २५ व्हिस्की वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून प्रशिक्षित माणसांना हुंगायला दिल्या. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ८० भाग व्हिस्की आणि २० भाग पाणी इथपर्यंत एकाच जातीच्या व्हिस्कींमधला फरक ओळखता येत होता. त्यापलीकडे, विशेषतः ६० आणि ४० च्या प्रमाणात, त्या एकसारख्या वाटू लागल्या. २० मिली व्हिस्कीला ८० आणि २० चं हे प्रमाण म्हणजे पाच मिली पाणी, एक चहाचा चमचा. साठची व्हिस्की त्याने ४८ वर येते. माझ्या जिभेला बहुतेक कास्क स्ट्रेंग्थ मॉल्ट ४५ ते ५० च्या पट्ट्यात सर्वांत खुलून लागतात. एवढा योग्य बिंदू हाताशी असताना व्हिस्की सोड्याने अर्ध्यावर आणणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

पाणी घातल्यावर, किंवा फ्रिजमध्ये ठेवल्यावर, ग्लास थोडा धुरकट दिसला तर व्हिस्की खराब झाली असं समजू नये. तिच्यात मेदाम्लांचे एस्टर विरघळलेले असतात. अल्कोहोल भरपूर असेल तोवर ते दिसत नाहीत. ताकद ४६ टक्क्यांच्या खाली उतरली आणि द्रव गार झाला की ते गढूळपणाच्या रूपात वर दिसतात. दुकानात बाटली स्वच्छ दिसावी म्हणून अनेक कंपन्या व्हिस्की गार करून गाळतात आणि त्यात थोडा दाटपणा गाळणीतच राहतो. कास्क स्ट्रेंग्थ बहुधा अशी गाळलेली नसते. तो धुरकटपणा मला तर चांगल्या बाटलीची खूण वाटतो.

चकण्याबद्दल एकच सांगायचं आहे. मसाला शेंगदाणे, तिखट चिवडा, हिरव्या मिरचीची भजी हे सगळं नंतरसाठी ठेवा. मिरची आणि अल्कोहोल तोंडातल्या एकाच संवेदकावर काम करतात, हे वर आलंच आहे. चाखताना सोबत साधं पाणी आणि हवंच तर खारावलेले नसलेले बदाम किंवा कोरडा पाव पुरे. एकाहून जास्त बाटल्या चाखायच्या असतील तर धुराची शेवटी घ्यावी, नाहीतर तिच्यानंतर बाकी सगळ्यांत धूरच लागत राहतो.

प्रमाणाचा हिशेब मात्र डोळ्यांसमोर ठेवायला हवा, कारण चांगली व्हिस्की शरीराला चांगली असते असं अजिबात नाही. साठ टक्क्यांच्या ३० मिलीत १८ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ४२.८ च्या तेवढ्याच मापात तेरा मिलीच्या आत. म्हणजे आपल्या नेहमीच्या दोन पेगांच्या सवयीने ही प्यायली तर शरीरात जवळजवळ तीन पेग जातात. पाणी घातल्याने चव बदलते, अल्कोहोल तेवढंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येईल असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण नाही. न पिणाऱ्याने यासाठी सुरुवात करण्याचं काहीही कारण नाही. पिणाऱ्याने वीस मिलीवर तासभर काढावा, गाडी चालवायची असेल तर तेही नको. महाराष्ट्रात यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो.

एखादा महिना एक बाटली नीट चाखून झाली की पुढचा टप्पा म्हणून दोन ग्लास शेजारी ठेवून बघा. एकात लाफ्रोइगची कास्क स्ट्रेंग्थ, दुसऱ्यात पॉल जॉन पीटेड. कुंकळ्ळीच्या या मॉल्टसाठीही पीट स्कॉटलंडहूनच आणलेलं आहे, पण सातू भारतातला आणि मुरवण गोव्याच्या उन्हाळ्यातली. लाफ्रोइग ५८ ची असेल तर २० मिलीत पाच मिली पाणी आणि पॉल जॉन ५५.५ ची, तर तिच्यात चार मिली. दोन्ही ४६ वर येतात आणि जोराचा फरक मिटून मुकाबला बरोबरीचा होतो. आयलाच्या ग्लासात औषधी, खारट, कोरडा धूर. गोव्याच्या ग्लासात तोच धूर, पण त्याच्याखाली मध, कोको आणि उन्हात सुकवलेल्या फळांचा जड गोडवा, कारण तिथल्या उष्णतेने लाकडातून फार लवकर फार काही ओढून घेतलेलं असतं. कोणती किती पाण्याला सर्वांत खुलली ते वहीत नोंदवा आणि शेजारी बॅचचा क्रमांक व टक्केवारीही लिहा. पुढच्या वर्षी तीच बाटली आणाल तेव्हा लाफ्रोइगची बॅच वेगळी असेल, ताकद दोन-तीन टक्क्यांनी पुढे-मागे झालेली असेल, आणि पाण्याचं माप पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल.